थोरलीची चिमूट

माणूस ओळखायची माझी एक पद्धत आहे. बाद झालेला जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, त्याच्या हातात ठेवायचा आणि तो आधी कुठे पाहतो ते बघायचं. नवखा जॉबकडेच पाहतो, जणू डोळे वटारले की भोक जागेवर सरकणार आहे. मुरलेला मशीनकडे पाहतो. त्याहून मुरलेला भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्याकडे पाहतो, म्हणजे आधीच्या पाळीला कोण होतं ते. साहेबलोक घड्याळाकडे पाहतात. तपासणी खात्यातल्या एकतीस वर्षांत मी हे चारच प्रकार मोजले. यांपैकी कुठेच न पाहता सरळ माझ्याकडे पाहत राहिलेला माणूस एकच निघाला. त्याची नोंद मी त्या दिवशी मनातल्या मनात ‘उद्धट’ अशी केली होती.

माझं नाव शशिकांत टिपुगडे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांची अंगं कातायचा कारखाना आहे. तिथं मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात, कारण खिशाला लाल पेन. माझ्या ताब्यात एक जाड रजिस्टर असतं. कुठल्या मशीनवर, कुठला जॉब, किती नग बाद, दोष काय, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. बाकीचे रकाने कुणीही भरतं. ‘कारण’ फक्त मी लिहितो. या रजिस्टरात पांढरी शाई चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, हा नियम. दोन-तीनदा गिरगटणाऱ्या शिकाऊ पोरांना मी या नियमावरून रडवलेलं आहे.

“आमच्या मास्तरांच्या रजिस्टरात खोटं सापडायचं नाही,” असं मालकीण मृदुलाताई गिऱ्हाइकांना सांगतात. ते सांगत असताना मी ऐकू येण्याच्या टप्प्यात काहीतरी काम काढून उभा असतो.

२०३५ सालच्या उन्हाळ्यात ताईंनी ठरवलं की थोरलीचा मेंदू बदलायचा. थोरली म्हणजे आमचं पहिलं सीएनसी मिलिंग मशीन, २००४ सालचं. तिच्यानंतर सहा आली, सगळी नवी, सगळी हलकी. थोरलीचं लोखंड मात्र असं की तिच्यावर खोल काप घेतला तरी टेबलावरच्या चहाला तरंग उठत नाही. बिघाड होता तो कंट्रोलमध्ये, म्हणजे तिला हलवणाऱ्या संगणकात. त्याचे सुटे भाग जगातून संपले होते. पडदा एका बाजूने जळाला होता, आणि ऑपरेटर संजीवनी लोहार उरलेल्या अर्ध्या पडद्यावरून अंदाजाने आकडे वाचायची.

“डोळ्यात मोतीबिंदू झालाय हो म्हातारीच्या,” संजीवनी म्हणायची. “पण हात काय सफाईचा!”

नवा मेंदू बसवायला मिरजेहून सानिया मुजावर आली. वय तिशीच्या आत, पायात सेफ्टी बूट, पाठीवर एक पेटी. पहिल्याच दिवशी मी तिला माझ्या चार प्रकारांत बसवायला गेलो आणि बसवता आलं नाही. ती कुठेच पाहत नव्हती, नुसती ऐकत होती.

“एकवीस दिवस मी काहीच बदलणार नाही,” ती म्हणाली. “नवा कंट्रोल जुन्याच्या शेजारी बसून फक्त बघणार. मोटर किती करंट खाते, स्क्रू कुठं झिजलाय, दुपारच्या उन्हात टेबल किती वाढतं. आणि तुमचे ऑपरेटर कुठं काय हातानं दुरुस्त करतात.”

“माणसांवरपण पाळत?” संजीवनीने विचारलं.

“पाळत न्हाई, ताई. शिकवणी. जुन्या मशीनची निम्मी अक्कल ऑपरेटरच्या हातात असती. मेंदू बदलला की ती अक्कल जाती, आणि मग लोक बोंबलतात की नवं आणलं आणि काम बिघडलं. म्हणून ह्यो कंट्रोल तीन गोष्टी वेगळ्या करतो. धातूमुळं काय, उष्णतेमुळं काय, हातामुळं काय.”

इथवर मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या वाक्यानं.

“आणि जुन्या मेमरीतलं पुसलं गेलेलंपण वाचतो.”

हे शास्त्र तोवर बातम्यांत येऊन गेलं होतं, पण बातमी दुसऱ्याच्या गावची असते. सानियाने ते चहाच्या टेबलावर समजावून सांगितलं, आणि मला वाटतं ते कुणालाही कळेल. मेमरीतली प्रत्येक पेशी म्हणजे दोन पारड्यांचा इवलासा तराजू. एक पारडं खाली म्हणजे शून्य, दुसरं खाली म्हणजे एक. आकडा पुसला की तराजू मोकळा होतो, नवा आकडा लिहिता येतो. पण तेच पारडं वर्षानुवर्षं खाली राहिलं तर दांडी तेवढ्यापुरती किंचित वाकते. डोळ्याला दिसत नाही, रोजच्या कामात जाणवत नाही. त्या पेशीला थंड करून हजारो वेळा बंद-चालू केलं, तर मोकळा तराजू ज्या बाजूला जास्त वेळा पडतो ती बाजू मोजता येते. त्याला ही मंडळी ‘कल’ म्हणत. आताचा कल वर, त्याच्याखाली आधीचा. किती खोल वाकलंय त्यावरून तो आकडा किती वर्षं तिथं होता तेही निघतं.

“म्हणजे पुसलेल्या पाटीवरचं वाचल्यासारखं,” कुणीतरी म्हणालं.

“तसंच. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं वाचलं होतं आम्ही. मागच्या बारा वर्षांत काटा किती वेळा आणि किती सरकवला, सगळं निघालं. तीन माणसं त्या आठवड्यात आजारी पडली.”

सगळे हसले. मीही हसलो. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हसलो, हे माझं मलाच ऐकू आलं.

आता चिमूट सांगायला हवी.

थोरलीवर जॉब पकडायचे साचे कायमचे ठरलेले आहेत. प्रत्येक साचा मशीनच्या शून्यापासून किती अंतरावर बसतो ते, म्हणजे त्याचा ऑफसेट, एका कार्डावर छापलेलं असतं. ऑपरेटरने तो आकडा मशीनला द्यायचा, बस्स. पण थोरलीवर आमचे लोक कार्डावरचा आकडा जसाच्या तसा देत नाहीत. त्यातून चौऱ्याऐंशी मायक्रॉन वजा करून देतात. चौऱ्याऐंशी मायक्रॉन म्हणजे साधारण एका केसाची जाडी. तिन्ही पाळ्यांत, न चुकता. याला शॉपमध्ये ‘चिमूट काढणं’ म्हणतात. स्वयंपाकात मीठ जास्त झालं की काढता येत नाही, पण थोरलीतून काढता येतं, असा एक विनोदही आहे. आणि मी त्यावर दुसरा करायचो, की यांनी मशीनला अंगारा लावायचा तेवढा बाकी ठेवलाय.

ही चिमूट सगळ्यांना शिकवली आप्पासो चौगुल्यांनी. संजीवनीलाही त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. माझ्याकडे पाहत राहिलेला माणूस तो.

अकरा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी मशीन चालत नाही. सकाळी पुसून घ्यायचं, मेन स्विच बंद करायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. थोरलीची पूजा आप्पा करायचे, कारण बारा वर्षं तिच्यावर तेच होते. कंट्रोलच्या कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर ते अंगठ्याने कुंकवाचा एक ठसठशीत टिळा लावायचे, म्हणायचे, “आज हिची झाकली मूठ.” मग पेढे घेऊन सगळे घरी.

मी थांबलो. मला माझं रजिस्टर पुरं करायचं होतं असं मी सांगितलं. खरं म्हणजे थोरलीच्या पडद्यावर आठ दिवस ‘बॅटरी कमी’ असा इशारा येत होता. मेंटेनन्सचा माणूस रजेवर होता, आणि नवी बॅटरी माझ्या खणात होती. मी डिप्लोमावाला. इतरांच्या चुकांची कारणं लिहून लिहून माणसाला वाटायला लागतं की आपण कारणांच्या पलीकडे आहोत. मशीन बंदच आहे, विसावलंय, बरी वेळ आहे, असं म्हणून मी किल्लीने कपाट उघडलं आणि बॅटरी बदलली.

ज्यांना या कामातलं कळतं त्यांना चूक इथंच दिसली असेल. जुन्या कंट्रोलची बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते. बंद असताना मेमरीला जिवंत ठेवणारी ती एकच गोष्ट असते. ती काढली की सगळं जातं. एरवी मशीन सदा चालू, म्हणून चूक सहसा घडत नाही. वर्षातून एकाच दिवशी ती हमखास घडू शकते, आणि तो दिवस मी निवडला.

स्विच लावला तर पडदा कोरा. नऊशे आकडे गेले. कपाटाच्या दारात आतून एक पिवळा पडलेला कागद असतो, कारखान्याकडून आलेला, सगळ्या आकड्यांचा. दुपारी बारा ते साडेचार मी त्यावरून एकेक आकडा भरला. दोनदा पडताळला. मशीन जागं झालं, हललं, शून्यावर गेलं. मी दार लावलं, देवाला हात जोडले आणि उरलेला पेढा खाल्ला.

तो कागद २००४ सालचा होता. त्या खंडेनवमीच्या तीन वर्षं आधी एका अक्षाची मोटर बदलली होती, तेव्हा मशीनचं शून्य केसभर सरकलं, आणि सर्व्हिसवाल्याने ते मेमरीत आकडा घालून भरून काढलं होतं. कागदावर ते कुणी लिहिलंच नव्हतं. मी तिथं इमानदारीने शून्य भरलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आप्पांनी बॅच लावली. पहिला नग नियमाप्रमाणे माझ्याकडे आला. मी भोकांचा व्यास पाहिला. आधीच्या मशीनवर पाडलेल्या डॉवेलच्या, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांच्या, भोकांपासूनचं अंतर पाहायला हवं होतं, त्याला मोजणीच्या मोठ्या मशीनवर अर्धा तास लागतो. मी सही केली. बावन्न नग झाले आणि बावन्न बाद. सगळे चौऱ्याऐंशी मायक्रॉनने एकाच बाजूला.

एकाच बाजूला, एकसारखे. त्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही अर्धंच सांगितलं होतं.

जुने मालक, म्हणजे ताईंचे वडील, शॉपच्या मधोमध उभे राहिले. “चौगुले, बारा वर्षं झाली तुम्हाला या मशीनवर!”

“कार्डाप्रमाणंच दिलंय मालक,” आप्पा म्हणाले.

“मग चुकलं कुणाचं? मशीनचं? टिपुगडे, कारण काय लिहिलंय?”

मी रजिस्टर उघडलं. लाल पेनने लिहिलं, ‘ऑपरेटर. ऑफसेट चुकीचा दिला.’ सही केली. एक नग आप्पांच्या हातात ठेवला. ते नगाकडे पाहिनात, मशीनकडे पाहिनात, तक्त्याकडे पाहिनात.

दिवाळीनंतर त्यांना सेटरची जागा मिळायची होती. सेटर म्हणजे निळा कोट, स्वतःचं टेबल, आणि शॉपमधला शेवटचा शब्द. तो कोट हुपरीच्या एका माणसाला गेला. आप्पा सहा महिने ड्रिलिंगला उभे राहिले, तोवर थोरलीवर नुसती ढोबळ कामं चालली, मग ते परत तिच्यावर आले, आणि खाकीतच निवृत्त झाले. परत आल्यावर त्यांच्या हातचा एकही नग बाद झाला नाही. त्यावरून मी निष्कर्ष काढला की पहिल्या वेळी चूक त्यांचीच असणार. माणूस स्वतःसाठी कसले कसले निष्कर्ष काढतो, त्याचं वेगळं रजिस्टर ठेवायला हवं.

बाविसाव्या दिवशी सानियाने अहवाल वाचला. मृदुलाताई, संजीवनी, दोन पाळ्यांचे लोक, मी.

“लोखंड झकास आहे. स्क्रू मधल्या तीस सेंटिमीटरला झिजलाय, ते नवा कंट्रोल सांभाळून घेईल. आता गंमत ऐका. तुमचे सगळे ऑपरेटर कार्डातून चौऱ्याऐंशी वजा करतात.”

“चिमूट!” चार-पाच जण एकदम म्हणाले.

“आणि जुन्या मेमरीत मशीनच्या शून्याचा जो आकडा आहे, तिथं आत्ता शून्य आहे. पण त्याच्याखाली जुना कल निघाला. चौऱ्याऐंशी. तीन वर्षं होता, मग एका दिवसात गेला. त्याच दिवशी आणखी सोळा आकडे बदललेत. पडद्याचा उजेड, बझरचा आवाज, असले किरकोळ. सगळे सतरा आकडे २००४च्या कागदाशी जुळतात. म्हणजे मेमरी पूर्ण गेली आणि कुणीतरी दारातल्या जुन्या कागदावरून सगळं हातानं भरलं. ऑक्टोबर २०२४. महिन्याच्या मध्यावर, चार दिवस इकडं-तिकडं.”

अकरा वर्षांपूर्वीचे या खोलीत आम्ही दोघंतिघंच होतो.

“मग त्यात अवघड काय आहे?” ताईंनी विचारलं. “आकडा परत घाला.”

“घालते. पण कंट्रोलला कारण सांगावं लागतं, ताई. तो कारणावरून शिकतो. मी सांगितलं की मेमरीत चूक होती आणि हातानं ती सांभाळली, तर तो शिकेल की या लोकांच्या हातात अक्कल आहे. मग त्यांना जास्त मुभा देईल. वेग कमी-जास्त करायची, आकडा बदलायची. आणि मेमरी कशी गेली ते ठाऊक नाही म्हणून ‘कारण अज्ञात’ टाकलं, तर तो सुरक्षित बाजू धरतो. कारण नसताना आकडा बदलायची खोड, असं समजतो. मग चिमूट शिकलेल्या नऊ जणांची मुभा शून्य.”

“शून्य म्हंजे?” संजीवनी पुढे आली.

“जॉब लावायचा, बटण दाबायचं. बाकी काही हात लावलं की मशीन थांबणार. नंतर तुम्ही पुन्हा मुभा मिळवू शकता. वर्ष-दोन वर्षं लागतात.”

“आप्पांनी शिकवलेली चिमूट खोड हाय व्हय? त्या माणसानं बोट धरून शिकवलंय मला! रजिस्टरात एकदा ठपका बसलाय त्यांच्यावर, आता मशीनपण तेच बोलणार?”

“म्हणून सही जबाबदार माणसाची लागते,” सानिया म्हणाली. “नावानिशी.”

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर शोधून काढतील. दोन दिवस घ्या मास्तर. तुमच्या रजिस्टरात खोटं सापडायचं नाही.”

मी त्या वेळी जॉबकडे पाहत होतो की घड्याळाकडे, आठवत नाही. सानिया मात्र माझ्याकडे पाहत होती.

कुंभोजला, आप्पांच्या गावी, मी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. चौगुले जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारे. आप्पा सोप्यात पाटावर बसून जेवत होते. मला पाहून वहिनींनी दुसरा पाट मांडला.

“बस मास्तर,” आप्पा म्हणाले. “तपासून घे. भाकरी गोल हाय का बघ.”

मी बसलो. थोरलीचा मेंदू बदलतायत, हे मी सांगितलं. सानियाचं सांगितलं. तराजूच्या पारड्यांचं सांगितलं. आप्पा ताक पीत ऐकत होते.

“हुशार पोरगी,” ते म्हणाले. “मग?”

“खाली चौऱ्याऐंशी निघालं.”

“निघणारच.”

“आप्पा, त्या खंडेनवमीला मी...”

“बॅटरी बदललीस.” त्यांनी वाटी खाली ठेवली. “मशीन बंद असताना. ठाऊक हाय.”

सोप्याबाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं. मी तिकडे पाहत राहिलो.

“कधीपासून?”

“दसऱ्यानंतर कामावर आलो त्याच सकाळी. फटीवर टिळा लावला होता की न्हाई मी? निम्मा ह्या दारावर, निम्मा त्या दारावर, पण जुळंनात. दार उघडून परत लावलं की कुंकू सरकतं. आणि किल्ली तुझ्याजवळ. पडद्यावरचा बॅटरीचा इशारा बी गेला होता. बॅच बाद झाली तवा सगळं जुळलं.”

“मग बोलला का नाही? मालकांच्या समोर एक शब्द टाकला असता तर...”

“तुझ्या तोंडाकडं बघत होतो की. म्हटलं आता बोलंल. आता बोलंल.” आप्पा हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “सहा महिने ड्रिलिंगला होतो तवा रोज वाट बघितली. मला वाटायचं, मास्तर हाय, लाल पेनवाला, रात्री झोप लागत नसंल. लागायची का रं?”

“लागायची,” मी म्हणालो. खोटं बोलण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

वहिनी भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

“परत थोरलीवर आलो, तर कार्डं तशीच. मी एक चिठ्ठी दिली असती तर तू कार्ड बदललं असतंस. पण कार्ड बदलायला तुझी सही लागती, आणि कारण लिहावं लागतं. म्हटलं, ह्याला एक खोटं कारण आणखी कशाला लिहायला लावा? म्हणून पोरांना चिमूट शिकवली.” ते थांबले. “न्हाई, हे बी खरं न्हाई. राग होता मला. तू शॉपमध्ये फिरायचास तवा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, ‘चिमूट काढली का गं संजीवनी?’ तुला ऐकू जावं म्हणून. रोज. आठ वर्षं. आणि तू हसायचास. अंगाऱ्याचा इनोद करायचास.”

मी ताटाकडे पाहत होतो. मला आठवत होतं. तो विनोद मी पाहुण्यांनाही सांगायचो.

“मी मग म्हटलं, ह्याला कळतच न्हाई. ह्यानं पार पुसून टाकलंय. मग राग गेला आणि नुसती सवय राहिली.”

“आप्पा, माझी चूक झाली. मी कबूल करायला आलोय.”

“मला?” ते खरोखर चकित झाले. “मला कबूल करून काय उपयोग, मर्दा? मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यापुढं बोल.” ताटात हात धुऊन ते उठले. “आणि भाकरी संपीव. वाया घालवू नगंस.”

नव्या कंट्रोलच्या दिवशी ताईंनी आप्पांना बोलावलं होतं. जुना स्विच त्यांच्या हातून बंद व्हावा म्हणून. थोरलीला माळ घातली होती. आप्पा धुवट सदऱ्यात आले, टेबलावरून हात फिरवला, आणि स्विच खाली केला. अर्धा जळका पडदा विझला. संजीवनीने डोळे पुसले.

सानियाने नवा पडदा लावला. “आता एकच राहिलं. मास्तर, कारण?”

पडद्यावर तीन चौकोन होते. धातू, उष्णता, हात. खाली बारक्या अक्षरात चौथा, ‘अज्ञात’. मला सांगायला हवं, त्या चौथ्या चौकोनाचं मी आदल्या रात्रभर गणित मांडलं होतं. नऊ जणांना वर्षभर बटण दाबावं लागेल, पण मुभा परत मिळते. माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते. असा हिशेब करता येतो, आणि मी तो दोनदा केला होता, पडताळूनही पाहिला होता.

“हात,” मी म्हणालो.

संजीवनीने मान झटकन वळवली. सानियाने चौकोनाला बोट लावलं. नावांची यादी उघडली. पहिलं नाव आप्पासो चौगुले.

“कुणाचा?”

“त्यात नाव नाही.”

“यादीत सगळे ऑपरेटर आहेत. थोरलीला हात लावलेला प्रत्येक माणूस.”

“नवीन घाला. शशिकांत टिपुगडे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही मशीनवर काम केलंय?”

“एकदाच,” मी म्हणालो. “खंडेनवमीला.”

मग मी सांगितलं. पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती आली नाहीत. बॅटरीचं सांगितलं, पिवळ्या कागदाचं सांगितलं, पहिल्या नगावर न तपासता केलेल्या सहीचं सांगितलं. पेढ्याचंही सांगितलं, ते कशाला सांगितलं कुणास ठाऊक. बावन्न नगांचं कारण मला त्याच दिवशी कळलं होतं, हे सांगताना आवाज इतका बारीक झाला की मागचा एक जण “काय म्हणाले?” असं विचारायला लागला, आणि मला ते वाक्य पुन्हा, मोठ्याने बोलावं लागलं. दुसऱ्यांदा ते जास्त वाईट वाटलं.

मृदुलाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. वडिलांची मुलगी. मग त्या आप्पांकडे वळल्या आणि मान खाली घातली. संजीवनी माझ्याकडे पाहत राहिली, आप्पांनी पाहिलं होतं तसंच. त्याला आता मी उद्धट म्हणणार नव्हतो.

सानियाने टाइप केलं. ‘मेमरी पुसली गेली, हात: श. टिपुगडे. चौऱ्याऐंशी वजा करणं, हात: आ. चौगुले. दुरुस्ती योग्य.’ पडद्यावर नऊ नावं एकामागून एक हिरवी झाली. मुभा कायम. माझ्या नावापुढे शून्य आलं.

संजीवनीने पहिला जॉब लावला. कार्ड वाचलं. बोटं सवयीने वजा करायला सरसावली, हवेत थांबली, आणि तिने आकडा जसाच्या तसा दिला. नग माझ्याकडे आला. डॉवेलपासूनचं अंतर मी तीनदा मोजलं. दीड तास लागला, आणि कुणीही घाई केली नाही.

मग मी माळ्यावरून २०२४चं रजिस्टर खाली आणलं. धूळ झटकली. पान काढलं. ‘ऑपरेटर. ऑफसेट चुकीचा दिला.’ माझं अक्षर तेव्हा जरा बरं होतं. त्यावर पट्टी धरून एक आडवी रेघ मारली, वर खरं कारण लिहिलं आणि सही केली. रजिस्टर आप्पांपुढे सरकवलं.

त्यांनी चष्मा लावला. आधी वरचं वाचलं. मग बोट रेघेवर ठेवून खालचं, एकेक अक्षर.

“वाचता येतंय,” ते म्हणाले. पुन्हा पान जवळ घेतलं. “पण मास्तर, तारीख राहिली.”

खरंच राहिली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी पेन उघडलं आणि तसाच थांबलो.

“कुठली घालू, आप्पा? त्या दिवशीची?”

“आजची घाल,” आप्पा चष्मा काढत म्हणाले. “त्या दिवशी तू कुठं लिहिलंस?”